पटावरचं वय

अमरावती,
२२ एप्रिल १९३५

माणिक,

तुझं पत्र नाही, म्हणजे तू बरी आहेस असं धरून चालते. मेली असतीस तर अकोल्याहून कुणीतरी कळवलंच असतं.

मला इथे येऊन सात आठवडे झाले. एवढ्यात मी जी अमरावती पाहिली ती अशी: एक लिंबाचं झाड, तेही अर्धं. उरलेलं अर्धं शेजाऱ्याच्या भिंतीआड आहे. सकाळी बाहेर निघाले की उत्तम म्हणतो, "आत्या, आता ऊन होईल." दुपारी म्हणतो, "ऊन आहे." संध्याकाळी म्हणतो, "जमीन तापलेली आहे." मी बत्तीस वर्षं शाळेत काढली, त्यातली चौदा हेडमिस्ट्रेस म्हणून. एवढ्या आदराने मी एखाद्या मुलीला कोंडलं असतं तर तिच्या बापाने अर्ज केला असता.

आदर मात्र भरपूर आहे. सकाळी पाया पडतो, पहिलं ताट मला वाढतात, मी उठले की घर उठतं. माझ्या भावाचा हा मुलगा परसात वांगी खुरपत मोठा झाला. आता वरूडकडच्या संत्र्याच्या बागा झाडावरच विकत घेतो आणि पेट्या भरून कलकत्त्याला पाठवतो. पैसा आला तसा घरात पडदा आला. आपल्या माळ्यांच्या बायका कधी पडद्यात होत्या? माझी आई डोक्यावर मेथीची टोपली घेऊन बाजारभर ओरडत फिरायची. माझा बाप, नत्थुजी, नागपूरच्या कॉन्व्हेंटात फुलं पोचवायचा. अकराव्या वर्षी मी विधवा झाल्यावर त्याने फुलांबरोबर मलाही तिथेच पोचवलं. नातवाला मात्र बांबूच्या चिकाचे पडदे लागतात.

एकच सुख आहे, उत्तमची शालू. चार वर्षं आपल्याकडे अकोल्यात राहून चौथी झाली, आणि तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले तेव्हा बापाने तिला परत आणलं, ते थेट चुलीपुढे. अजून धडाधडा वाचते. वाचायला घरात काही नाही, म्हणून संत्र्याच्या पेट्यांवरचे पत्ते वाचते.

उत्तम म्हणतो, एक दिवस सगळं शहर दाखवीन. बघू. पत्र टाकायला त्याच्याकडेच देते आहे, पोस्ट मला अजून दिसलेलं नाही.

मनकर्णा

*

अकोला,
३० एप्रिल १९३५

बाईले माणिकचा नमस्कार.

तुमचं पत्र भेटलं. मी तीनदा वाचलं. दोनदा समजाले आन एकदा हासाले.

बाई, तुमाले सुख बोचते. भतिजा पाया पडते, सून पहिलं ताट वाढते, आन तुमी म्हनता कोंडलं! इथं माझा लेक मले 'माय, चहा घेतला का' एवढंही इचारत नाही. मले कोनी असं कोंडलं तं मी कडी आतून लावून घेईन.

शाळेत सगळं बरं हाय. नवीन हेडबाई पुन्याच्या हायेत. माझं बोलनं आयकलं का त्याईले वाटते मी भांडून राहिली. परवा म्हने, "माणिकबाई, रागावू नका." म्या म्हटलं, "बाई, मी तं तुमाले पानी इचारलं." घरोघर जाऊन पोरी बोलावून आनाचं काम अजून माझ्याकडेच हाय. उन्हाच्या आंदी निंगतो, तरी तीस पोरी गोळा करेस्तोवर पायाचे तळवे भाजतात. मायबाई म्हनतात, "आज राहू दे वो माणिक, उद्या पाठवतो." मी ओट्यावर बसून राहतो. पोरगी निंगेस्तोवर उठत नाही.

भतिजा शहर दाखवतो म्हनते तं जा. अंबादेवीले माझा नारळ फोडा. बाजारातून मले एक सुरई आनजा, अकोल्याच्या सुरईत पानी गार होत नाही.

शालूले माझा मुका.

तुमची माणिक

*

अमरावती,
१४ मे १९३५

माणिक,

हे पत्र उत्तमच्या हातून येत नाही. आमच्याकडे रोज मोगरा घेऊन येते त्या मैनाबाईच्या टोपलीतून ते पोस्टात जाईल. तुझं उत्तरही तिच्याच पत्त्यावर टाक. पत्ता मागे लिहिला आहे. तुझं मागचं पत्र मला फोडून परत चिकटवलेलं मिळालं. खळ इतकी लावली होती की पत्रातली अर्धी सुरई चिकटून राहिली.

परवा रविवारी मला शहर दाखवण्यात आलं. नीट वाच, कारण शेवटी तुझ्याकडे काम आहे.

पहाटे दमणी जुंपली. बैल गोरे, घुंगरं नवीन, आणि दोन्ही बाजूंना जाड खाकी पडदे. आत मी, सून रुख्मिणी आणि शालू. हाकायला शालिकराम, बाजूला सायकलवर उत्तम. अंबादेवीपाशी मला उतरू दिलं, छत्रीखाली, दहा मिनिटं. तुझा नारळ फोडला. शेजारच्या एकवीरेला हात जोडते तोच उत्तम म्हणाला, "आत्या, चला, फरशी तापते."

मग अंबागेटातून आत. शहराचा जुना परकोट मी पडद्याच्या फटीतून पाहिला. काळा दगड, उंच, आणि मधूनमधून माणूस वाकून जाईल एवढ्या खिडक्या. उत्तम बाहेरून मोठ्याने सांगत होता, "आत्या, हा पेंढाऱ्यांच्या भेवानं बांधला." मी म्हटलं, "पेंढारी कधीच गेले ना रे?" "गेले." "मग भिंत कुणासाठी ठेवली आहे?" शालिकराम हसला. उत्तम हसला नाही.

इतवाऱ्याच्या बाजारात पोचलो तेव्हा नऊ वाजले होते आणि पडद्याला हात लावला तर चटका बसत होता. बाहेर बाजार नुसता उसळत होता. टरबुजांचे ढीग, कैऱ्या, कांद्याच्या माळा, वाळ्याच्या ताट्या, मृग बहराची शेवटची, सुकत आलेली संत्री. मी फटीतून हात काढून एका टरबुजावर बोट ठेवलं.

"कितीले?"

"कोन बोलते?" टरबूजवाली म्हणाली.

"मी. दमणीतून."

"मंग बाहेर या, माय. पडद्यातून भाव नाही होत. फळ ठोकून पाहा लागते."

"मला उतरू देत नाहीत."

ती वाकली आणि फटीतून माझ्याकडे पाहिलं. "काहून? लगनाची हायेस का काय बुढे?"

आजूबाजूच्या चार बायका खदखदल्या. उत्तमने तिला पैसे दिले आणि दमणी पुढे हाकली. टरबूज पांढरं निघालं. तुझी सुरई मात्र मी हट्टाने घेतली. शालिकरामने आणून दिली. मला ठोकून पाहता आली नाही.

मग रुख्मिणीने कासाराला दमणीपाशी बोलावलं. त्याने पडद्यातून शालूचा हात मागितला आणि बांगड्या चढवू लागला. हिरव्या, गच्च, दोन्ही हातांत. पोरगी खूश. हात कानाशी नेऊन वाजवत होती. मी म्हटलं, "रुख्मिणी, हा तर चुडा." ती पडद्याकडे पाहत म्हणाली, "आत्याबाई, हिरवा रंग चांगला असते."

माणिक, मला तेव्हाच कळलं. तरी मी गप्प बसले, कारण दमणीतून उडी मारायचं माझं वय नाही.

कापसाच्या बाजारावरून गेलो. या दिवसांत तिथे एक गाडी नाही, जिनांची धुराडी थंड, आणि कुंपणाला गेल्या हंगामाचा कापूस चिकटून करडा झालेला. तिथून कॅम्पात, उत्तमच्या वकिलांच्या बंगल्यावर. बाहेर वाळ्याच्या ताटीवर पाणी मारत होते. आत पन्हं आलं. आणि खुर्चीवर वरूडचे वामनराव बसले होते. त्यांच्या बागा उत्तम घेतो. मुलगा वीस वर्षांचा, त्याच्यासाठी शालू.

मी म्हटलं, "शालूला बारा पुरी आहेत. चौदाच्या आत लग्न लावलं तर शिक्षा आहे, कायदा होऊन पाच वर्षं झाली."

वामनराव अदबीने म्हणाले, "त्याच्यासाठीच तं तुमाले तसदी देली, बाई. लोकल बोर्डात माझे दोन वैरी हायेत. अर्ज टाकाले टपूनच बसले. एक दागी फळ गेलं का सारी पेटी जाते. तुमच्यासारख्या हेडबाईचा कागद असला म्हंजे कोनाची हिंमत नाही."

कागद तयारच होता. मी, मनकर्णा, निवृत्त हेडमिस्ट्रेस, लिहून देते की शालूचा जन्म सन १९२० चा. फक्त सही बाकी. यासाठी मला अकोल्याहून आणलं, माणिक. दहा आठवडे पाया पडले ते माझ्या सहीच्या.

"आत्या, दोन वर्षांचा फरक," उत्तम म्हणाला. "दोन वर्षांत काय होते?"

मी म्हटलं, "मला आठव्या वर्षी दिली आणि अकराव्या वर्षी पुसली. मधे तीनच वर्षं होती."

वकिलांनी टाक माझ्यापुढे सरकवला. मग मी म्हटलं ते तुला शब्दशः सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे: "मी खोटी तारीख लिहीत नसते. शाळेत दाखल-खारीजचं रजिस्टर आहे, माझ्या हातचं. त्यात जे आहे ते खरं. आणा ते, मग बोला."

वकील म्हणाले, "ठीक. नक्कल मागवू."

परतताना मला वडाळीचा तलावही दाखवला. उत्तम शब्दाचा पक्का. पाणी गुडघाभर होतं आणि त्यात म्हशी. त्या दिवसापासून मला अंगणही बंद आहे.

त्यांचा माणूस शाळेत येईल. नव्या हेडबाईंना सांग, नक्कल बेलाशक द्या. रजिस्टर पाहिलं की यांची तोंडं बंद होतील.

मनकर्णा

*

अकोला,
२० मे १९३५

बाई,

तुमी हे काय करून बसल्या?

मानूस आला होता. नक्कल घेऊन गेला. हेडबाईनं कपाटातून रजिस्टर काढलं तवा मी तिथंच उभी होती. पान उघडलं, मी वाकून पाहिलं. शालूचा जन्म १९२० लिवला हाय. तुमच्या अक्षरात. खाली तुमची सही.

आठवते का? अठ्ठावीस सालची गोठ. साहेब तपासनीले येनार होते. सात वर्साच्या वरच्या पंचवीस पोरी पटावर नसल्या तं शाळा बंद, असा हुकूम होता. आपल्याकडे वीस. मोठ्या पोरी लगनं होऊन गेलेल्या. आपल्या शाळेत पोरीचं वय कोनाच्या मायबापाले ठावं होतं? डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या कानाले लागला का मी म्हनो 'सात', आन तुमी लिवा. त्या दिवशी तुमी म्हटलं, "माणिक, पाच पोरी मोठ्या कर." मी पाच पोरी उभ्या केल्या. कोनाचाच हात कानाले लागत नव्हता. पाचवी शालू. घरातलीच होती, कोनाले इचारा लागत नव्हतं. साडेपाचची पोरगी, आपन साडेसातची केली. शाळा वाचली.

आता काय कराचं? मले एक सुचलं. अजून असल रजिस्टर इथंच हाय. पान फाडून टाकू का? उधईनं पान खाल्लं म्हनीन. कपाटाले खरंच लागली हाय. नाही तं माझं नाव सांगा. माणिकनं खोटं वय सांगतलं, मी लिवलं, असं सांगा. मी अडानी बाई, मले काय करतीन? कामावरून काढतीन. लेक चहा इचारत नाही, भाकर तं देईन.

मागच्या पत्रात मी तुमाले सुख बोचते म्हटलं. माझं तोंड जळो.

माणिक

*

अमरावती,
९ जून १९३५

माणिक,

पान फाडू नकोस. फाडलं असशील तर चिकटव, खळ उत्तमकडून पाठवते.

तुझं पत्र वाचून मी पहिलं वाक्य लिहायला बसले की मी हे साफ विसरले होते. लिहून झालं आणि खोडलं. विसरले नव्हते. पाच मुली मोठ्या केल्या हे मला सात वर्षं आठवत होतं. पाचवी कोण होती ते आठवणं मी सोडून दिलं होतं. आणि वकिलासमोर छाती काढून सांगितलं, माझ्या हातचं रजिस्टर आणा!

नक्कल आली तेव्हा उत्तम पेढे घेऊन आला. हसत नव्हता, खरं सांगते. सुटल्यासारखा दिसत होता. म्हणाला, "आत्या, तुमचंच अक्षर. आता तं झालं ना?" मी पेढा घेतला. बोलायला मला चार दिवस लागले. कारण तोडगा एकच होता. शालू बारा वर्षांची ठरायची तर मी खोटी ठरले पाहिजे. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याजवळ दुसरं काही जमलेलं नाही, माणिक. घर नाही, दागिना नाही. मनकर्णाबाईने लिहिलं म्हणजे खरं, एवढंच होतं.

पाचव्या दिवशी इंग्रजीत अर्ज लिहिला, कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात, शिक्षणखात्याच्या साहेबांना. सन १९२८ मध्ये मी, हेडमिस्ट्रेस, जाणूनबुजून पाच मुलींची वयं वाढवून लिहिली. तुझं नाव त्यात कुठेही नाही, आणि तू मधे तोंड घालायचं नाहीस. करायला मी सांगितलं, सही मी केली. तुझे तळवे भाजताहेत तेवढं पुरे. अर्ज मैनाबाईने टाकला. मराठीत एक प्रत माझ्याजवळ ठेवली.

गेल्या रविवारी वामनराव तिथी काढायला आले, भाऊ आणि भटजी घेऊन. मी पदर खोचला आणि बैठकीत गेले. उत्तम उभा राहिला. "आत्या, तुमी आत..."

"वामनराव," मी म्हटलं, "ती नक्कल खोटी आहे."

"सही तुमचीच हाय ना, बाई?"

"माझीच. खोटं मीच लिहिलं."

"म्हंजे तुमी खोट्या?"

"हो."

असं विचारल्यावर माणूस हो म्हणत नसतो, म्हणून ते जरा अडले. मग म्हणाले, "कागदावर देता?" मी प्रत पुढे केली. भावाने ती मोठ्याने वाचली. शेवटची ओळ अशी होती की हे लग्न लागलं तर कोर्टात पहिली फिर्याद माझी असेल. वामनरावांनी पाणी मागितलं, प्यायले, पागोटं डोक्यावर चढवलं. उत्तमला म्हणाले, "उत्तमराव, बागेचा सौदा होईन. पन खोट्या घरची पोरगी आमाले नको."

खोटं वय चाललं असतं, खोटं घर चालत नाही! हे बोलायला माझी जीभ शिवशिवली, पण आयुष्यात एकदाच मी ती आवरली.

रुख्मिणी दोन दिवस जेवली नाही. "माझ्या लेकराचं नाव चघळून टाकलं गावानं," म्हणते. ते खरंच आहे. चुडा उतरवताना शालू माझ्याकडे पाहत नव्हती. बांगड्या तिला आवडल्या होत्या. दुपारी मात्र माझ्या खाटेशी येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, मंग मी कितीची हाय?"

"बाराची."

"पक्कं?"

"पक्कं. भादव्यात तेरा पुरी होतील."

"शाळेत तं चौदा लिवलं."

"ते मी लिहिलं. चुकीचं लिहिलं."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "मंग मी पाचवीत बसू शकतो." मी तिला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर रडले असते, आणि या घरात सध्या रुख्मिणीचं रडणं पुरेसं आहे.

खात्याचं पत्र काल आलं. पंधरा दिवसांत खुलासा मागवला आहे. माझ्या काळात दिलेले सगळे दाखले तपासतील असंही लिहिलं आहे. तपासू देत.

आता गंमत ऐक. माझ्या सहीची किंमत गेली आणि दार उघडलं. अंगणाची कडी निघाली. पत्र फोडत नाहीत. सकाळी पाया पडायला कुणी येत नाही. परवा मी एकटी चालत परकोटापर्यंत गेले आणि एका खिडकीतून वाकून बाहेर आले; कुणी छत्रीसुद्धा दिली नाही. परतले तेव्हा उत्तम ओट्यावर बसला होता. पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"आत्या, अकोल्याचं तिकीट काढू का? आता तुमाले कोनी नाही अडवत."

"आणि शालू?"

"शालू माझी पोरगी हाय."

तो आवाज चढवून बोलला नाही. आणि मला दिसलं की वरूडचं स्थळ फिसकटलं तर मोर्शीचं आहे, चांदूरचं आहे, आणि दर वेळी मी अकोल्यात असेन.

मी म्हटलं, "तिकीट नको. चौदा पुरी व्हायला पंधरा महिने आहेत. तेवढे मी इथेच राहणार."

"मंग चौदाच्या पुढे काय करसान?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

तो उठून आत गेला. तेव्हापासून माझं ताट शेवटी वाढतात, आणि ते बरोबरच आहे. मी बैठकीच्या दाराशी खाट टाकून घेतली आहे. येणाराजाणारा माझ्यापुढून जातो.

माझी गरम कपड्यांची पेटी तुझ्याकडे माळ्यावर असेल. ती रेल्वेने पाठव. इथे एक हिवाळा काढायचा आहे, आणि त्यानंतर पुन्हा असाच उन्हाळा.

मनकर्णा